सोलांजकडे जायच्या सहा वाटा

रेमों देल्मासने सहावा कागद टेबलावर ठेवला तेव्हा त्याची बायको लुसेत सुपासाठी गाजरं सोलत होती. कागद म्हणजे कॅलेंडरचं फाडलेलं पान. मागच्या कोऱ्या बाजूवर बारीक, सरळ अक्षरांत गाड्यांच्या वेळा लिहिलेल्या.

"हे बघ," तो म्हणाला. "शुक्रवारी सकाळी दहा चाळीसला निघायचं. ब्रिव्हला अकरा सत्तेचाळीस. तिथे स्टेशनसमोर नीट बसून जेवायचं. एक पंधराला ऑरियाकची गाडी. रात्री ऑरियाकला मुक्काम. शनिवारी सकाळी नऊ वीस, मध्ये एक बदल, की साडेअकराला उतरलो. पुढे सोलांजचा शेजारी गाडी घेऊन येईल."

"म्हणजे शनिवारी दुपारी पोचायचं."

"जेवायच्या वेळेला. बरोबर."

"रेमों, सोलांजचं गाव इथून नव्वद किलोमीटर आहे. आपण सायकली काढल्या तरी शुक्रवारी रात्री पोचू."

"तुला सायकल चालवता येत नाही," रेमों म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याने फक्त चूक दुरुस्त केली होती.

तीन आठवडे हे असं चाललं होतं. पहिल्या कागदात क्लेरमोंवरून वळसा होता. दुसऱ्यात क्लेरमों आणि परत मागे. तिसऱ्यात एका स्टेशनवर पहाटे सव्वादोन तास बसायचं होतं, आणि तिथल्या प्रतीक्षागृहातली बाकं लाकडी आहेत, लोखंडी नाहीत, हे रेमोंने आवर्जून नोंदवलं होतं.

रेमों एकतीस वर्षं रेल्वेत होता, त्यातली सव्वीस व्होब्रुन नावाच्या लहानशा स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये. तो कधी "आठच्या सुमाराला" म्हणत नसे, "सात बावन्न" म्हणत असे. अंडी उकडताना घड्याळाकडे बघायचा ते रूळ बदलणाऱ्या गाडीकडे बघावं तसं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्याने मोटार पुतण्याला देऊन टाकली, आणि लुसेतने गाडी चालवायला शिकायचं म्हटलं तेव्हा त्याला खरोखरच कळेना की रेल्वे असताना माणसाला ते कशाला हवं. माणूस सरळ होता. कुणाला दुखवायचा नाही. पण त्याच्याशी वाद घालणं म्हणजे फाटकाशी वाद घालणं. फाटक वेळ झाल्याशिवाय उघडत नाही.

एरवी लुसेतने हसून सोडून दिलं असतं. या वेळी तिला दिवस मोजून हवे होते. तिची थोरली बहीण सोलांज चौऱ्याऐंशीची झाली होती. घर विकलं गेलं होतं. रविवारी, एक नोव्हेंबरला, मृतांच्या आठवणीच्या सणाला, दोघी मिळून आईवडिलांच्या थडग्यावर शेवंतीच्या कुंड्या ठेवणार होत्या. मंगळवारी सोलांजचा मुलगा तिला दूर उत्तरेला लीलला, स्वतःच्या घरी, कायमचा घेऊन जाणार होता. दोघी बहिणी त्या घरात जन्मल्या होत्या. लुसेतला तिथे गुरुवारपासून राहायचं होतं. कपाटं आवरायची होती, आणि आवरून झाल्यावर नुसतं बसायचं होतं. रेमोंच्या सहाव्या कागदाने त्यातले दोन दिवस खाऊन टाकले होते, वर ब्रिव्हचं जेवण.

संध्याकाळी तिने बहिणीला फोन केला.

"शनिवारी?" सोलांज म्हणाली. "अगं धाकटे, शनिवारी येऊन काय करणार तू? रविवारी दफनभूमी, सोमवारी बांधाबांध. मला वाटलं आपण एकदा तरी निवांत बसू."

"मी काय करू? गाड्याच तशा आहेत."

"गाड्या कशाला? बसने ये की. पोस्टमनची सून गेल्या आठवड्यात आली. तुमच्या स्टेशनबाहेरूनच सुटते, आठ दहाला. सव्वादोन तासांत आमच्या चर्चपाशी. रविवारी तेवढी नसते."

लुसेतने फोन ठेवला. रेमों कॅलेंडरचं पान उलटून बघत होता. त्या पानावर उलटून बघण्यासारखं काही नव्हतं.

"बस आहे," ती म्हणाली.

"ती बदली बस आहे."

"कशाच्या बदली?"

"आपल्या लाइनच्या. लाइन बंद केली तेव्हा सुरू केली. ती गाडी नव्हे, लुसेत."

"केव्हा सुरू केली?"

रेमोंला खोटं बोलता येत नसे, हा त्याचा मोठा दोष होता. "साडेचार वर्षं झाली," तो म्हणाला.

लुसेतने मनातल्या मनात हिशेब केला. चार ईस्टर. चार वेळा ती सोलांजकडे जायला बॅगा, केकचा डबा आणि दुखरा गुडघा घेऊन ऑरियाकवरून हिंडली होती. लाइन बंद झाली म्हणजे आता दुसरा इलाजच नाही, असं समजून. एकदा तर पावसात.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "चार वर्षं तू मला अर्ध्या फ्रान्समधून फिरवलंस आणि तुला माहीत होतं."

"तू विचारलं नाहीस."

"बस आहे का हे मी रेल्वेवाल्याला विचारायचं?"

रेमों चष्मा काढून पुसत म्हणाला, "व्होब्रुनला रस्ता फलाटाला लागून जातो. बसमधून सगळं दिसतं."

"काय दिसतं?"

"काही नाही. तेच." त्याने चष्मा परत लावला. "केबिनला निळा रंग दिलाय म्हणे. तिथे कुणीतरी मध विकतो."

बावन्न वर्षांच्या संसारात लुसेतला एवढं कळत होतं की तो कीव मागत नव्हता. मागायची नव्हती म्हणून तर बोलला नव्हता. त्यामुळे तिला जास्तच राग आला. हे त्याने पहिल्याच ईस्टरला सांगितलं असतं तर ती स्वतःहून ऑरियाकला गेली असती, आणि निदान हक्काने कुरकुरली असती.

"मी गुरुवारी आठ दहाच्या बसने जाणार," ती म्हणाली. "तू ब्रिव्हला नीट बसून जेव. शनिवारी ये."

दोन दिवस घरात फक्त गरजेपुरतं बोलणं झालं. मीठ दे. खिडकी लाव. बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी तिच्या ताटाशेजारी सातवा कागद आला. त्यावर एकच ओळ होती: गुरुवार, आठ दहा, बस. पुढे कंसात: पोचण्याची वेळ दहा पंचवीस, खात्री नाही.

बस चार मिनिटं उशिरा सुटली. रेमोंने ते ड्रायव्हरला जाऊन सांगितलं. ड्रायव्हर तरुण बाई होती. ती म्हणाली, "हो काका, मी पण इथेच होते."

पूर्ण वाटेत त्याने लुसेतला भंडावून सोडलं. रस्त्याला वळणं फार. ब्रेक उशिरा लागतो. थांब्याचं नाव कुणी पुकारत नाही, मग परक्या माणसाने उतरायचं कसं? लुसेत खिडकीशी बसली होती. उत्तर द्यायचं तिने नवव्या मिनिटाला सोडलं होतं.

व्होब्रुन आलं तेव्हा तो खिडकीकडे न बघता मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिला. रुळांवर काटेरी झुडपं माजली होती. केबिन खरंच निळी होती, चांगलीच भडक. दारात एक बाई खोकी रचत होती. बस थांबली, एक जण उतरला, बस निघाली.

"नऊ एकतीस," रेमों म्हणाला. "सत्तावीसला यायला हवी होती."

पुढच्या वळणावर त्याने विचारलं, "बरण्या होत्या का?"

"होत्या. भिंतीला लागून."

"तिथे चालतं," तो म्हणाला. "त्या भिंतीला कधी ओल आली नाही."

साडेदहाला सोलांज दारात उभी होती. "इतक्या लवकर?" ती म्हणाली. "माझं जेवण अजून चुलीवर आहे." लुसेतने कोट काढला, लहानपणीच्या खुंटीला अडकवला, आणि न सांगता बटाटे सोलायला बसली. ते पाच दिवस तिने असेच काढले. कपाटं पहिल्याच दिवशी आवरून झाली, मग दोघी स्वयंपाकघरात बसून राहिल्या. रेमों त्यांच्यामध्ये आला नाही. त्याने बाहेर पानं झाडली, आणि रविवारी दोन्ही कुंड्या दफनभूमीपर्यंत एकट्याने वाहिल्या.

मंगळवारी सकाळी नऊला मुलाची मोटार सोलांजला घेऊन गेली. सोलांजने काचेतून हात हलवला नाही. ती समोर बघत होती. लुसेतने किल्ल्या नव्या मालकासाठी दारावरच्या टपालपेटीत टाकल्या आणि ती पायरीवर उभी राहिली.

रेमोंने खिशातून कागद काढला. "बारा चाळीसची बस," तो म्हणाला. "तीनच्या आत आपण घरी."

लुसेतने बंद दाराकडे पाहिलं. तीनच्या आत घरी जाऊन काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं.

"तुझ्या गाड्यांनी जायला किती वेळ लागेल?" तिने विचारलं.

"ऑरियाकवरून? उद्या संध्याकाळ होईल."

"मग तसं जाऊ."

रेमोंने घड्याळाकडे पाहिलं. एक बदल सव्वाअकराचा होता, शेजाऱ्याला आत्ताच गाठायला हवं होतं, मुक्कामाची खोली सांगितलेली नव्हती. "हे आधी सांगायचं असतं, लुसेत," तो वैतागून म्हणाला. मग त्याने बॅग पायरीवर ठेवली, कागद तिच्यावर पसरला आणि कोरी बाजू वर करून पेन काढलं.