नवस मी बोलले होते

देवावर रुसायची मला सवय नाही, पण त्या उन्हाळ्यात मी रुसले होते. नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या ह्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचाही बसली. सासरी पूर्वी मेंढरं होती, आता सणसरला ऊस आहे. पण कुळदैवत बिरोबा तोच. त्याच्यापुढं भंडारा उधळून मी नवस बोलले, "हे बरे होईस्तोवर ह्यांना माझ्याच हातानं भरवीन. एक घास चुकवायची न्हाय." सेवा म्हणजे हीच, अशी माझी समजूत होती.

दर आठवड्याला ह्यांना बारामतीच्या दवाखान्यात न्यायचे. तिथं पुण्याहून एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाई यायच्या. जेवण, अंघोळ, कपडे घालणं अशी रोजची कामं आजारी माणसाला पुन्हा स्वतः करायला शिकवणं हे त्यांचं काम. पहिल्याच दिवशी ह्यांच्याआधी त्यांनी मला विचारलं, "तुमची कंबर कधीपासून दुखतेय?" चार महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मला रडूच कोसळलं. ह्यांना काखेत धरून ओढायचं नाही, कमरेला उपरणं बांधून, आपले गुडघे वाकवून उठवायचं, हे त्यांनी माझ्याकडून करून घेतलं. निघताना दांड्याला फडकं गुंडाळलेला चमचा दिला. म्हणाल्या, "आता जेवण त्यांचं त्यांनी. नाहीतर हात कायमचा आखडेल."

तो चमचा मी घरी आणून फडताळात ठेवला. बाईंना काय जातंय, नवस मोडला तर भोगायचं कुणी? त्यांनी विचारलं की "व्हय, खात्यात की," म्हणून मोकळी व्हायची. हे लिहितानाही लाज वाटते. हात काही सुधारत नव्हता आणि बाई दर खेपेला काळजीनं तो पुन्हापुन्हा तपासायच्या.

एका दुपारी इंदापूरला निघालेली त्यांची एसटी नेमकी सणसरला बंद पडली. बाई घर विचारत आल्या, तेव्हा मी ह्यांना भरवत होते. चमचा कुठाय म्हटल्यावर माझा चेहराच उतरला. मी सगळं सांगून टाकलं आणि हात जोडले, "रागवा, पण नवस मोडायला सांगू नका." त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "नवस तुमचा. पण ज्यांच्यासाठी बोललात, त्यांना विचारलंत का?"

अगं बाई! देवाला विचारलं, देवळातल्या भगताला विचारलं, ह्यांना नाही. मी ताट घेऊन पुढं बसले. "आहो, तुमी खाताय का?" बराच वेळ नुसते ओठ हलले. मग शब्द आला, "दे... मला." चमचा धरायला, कुस्करलेली भाकरी उचलायला किती वेळ लागला! अर्धी सांडली. माझे हात सारखे पुढं जात होते, म्हणून ते मांडीखाली दाबून बसले. तिसऱ्या खेपेला घास तोंडात गेला.

संध्याकाळी देवळात जाऊन म्हटलं, "बिरोबा, नवस मोडला. शिक्षा मला दे, ह्यांना नको." शिक्षा आली नाही. हात पुरता सुटायला वर्ष गेलं, पाय अजून ओढतो. एसटी तिथंच का बंद पडली, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. शरण जायचं म्हणजे आणखी राबायचं, असं मला वाटायचं. हात आवरून बसणं त्याहून अवघड निघालं. त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत. एक गोष्ट मात्र जिव्हारी लागली आहे. ह्यांची वाचा गेली म्हणून मी गावभर रडत होते. बोलायला त्यांचं तोंड मी रिकामं ठेवलं होतं कधी?