पराया नव्हे, परैयर

"हा शब्द तुम्हीच लिहा, टीचर. अर्थ पाठ करायची गरज नाही तुम्हाला."

हेडमॅडम अख्ख्या स्टाफरूमसमोर बोलल्या. देवपुरातली आमची इंग्लिश मीडियम शाळा. रोज प्रार्थनेआधी दारातल्या फळ्यावर एक इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ लिहायचा. त्या दिवशीचा शब्द होता, पी-ए-आर-आय-ए-एच. उच्चार, पराया. अर्थ, समाजाने बाहेर टाकलेला माणूस.

माझं आडनाव सगळ्यांना ठाऊक होतं. कुणीतरी चहाच्या कपात फिसकन हसलं. मीही हसले. एम. ए. इंग्लिश झालेली मी, दात काढून हसले. वर वळणदार अक्षरात तो शब्द लिहिला.

प्रार्थनेला मॅडम पोरांना म्हणाल्या, "एकदम सोपा आहे. आपल्या हिंदीतला पराया, तोच हा."

मधल्या सुट्टीत माझ्याच पाचवीतला एक पोरगा संडास धुणाऱ्या मावशींना ओरडून म्हणाला, "ए पराया, पाणी टाक!" मावशी हसल्या. त्यांना वाटलं, पोरगं आपल्याशी इंग्रजी बोलतंय.

पोराची नाही, माझी मलाच किळस आली. शब्द त्याच्या तोंडात मी घातला होता.

घरी जाऊन मोठा शब्दकोश उघडला. हिंदीशी काही संबंधच नाही. तमिळमध्ये परै म्हणजे डफ. तो वाजवणारे ते परैयर. गावाबाहेर ठेवलेली जात. इंग्रजीने त्या जातीचं नाव उचललं आणि जगातल्या प्रत्येक हाकललेल्या माणसाला चिकटवलं. अख्खी जात शिवी होऊन बसली. आणि ही शिवी आम्ही पोरांना शब्दसंग्रह म्हणून शिकवत होतो.

वडलांना फोन लावला. ते रावेरला केळीच्या गाड्या भरतात. सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हनजे आपल्या आबासारखंच, तुह्या आज्यासारखं. मयतीपुढं डफडं त्यानंच वाजवायचं, अन् इटाळ बी त्याचाच." मग विचारलं, "तुह्याच हातानं लिहलं का गं?"

"हो."

फोन ठेवला त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. तोच शब्द पुन्हा लिहिला. खाली परै, परैयर, सगळी हकिकत. फळा भरला.

मॅडम आल्या. "पुसा ते. शाळेत जातपात आणू नका."

"काल तुम्हीच आणली, मॅडम. मी पुसणार नाही."

त्यांनी मावशींना हाक मारली. मावशींनी ओल्या फडक्याने फळा पुसला. त्यांची नोकरी होती. मला त्यांचा राग आला नाही. पण निम्म्या पोरांनी तोवर वाचलं होतं. एकीने वहीत उतरवूनही घेतलं.

फळ्याचं काम माझ्याकडून काढलं. आठ दिवसांनी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच राजीनामा द्या. तुमच्यासाठी तेच बरं."

मी देणार नाही. काढायचं तर त्यांनी काढावं. कारण कागदावर लिहून, शुद्ध इंग्रजीत. त्या कागदातल्या एकेका शब्दाचा अर्थ मी त्यांना समोर बसून विचारणार आहे.