वानोळ्यातल्या गोळ्या

जगात जे जे म्हणून मोजता येतं ते सगळं माझ्या बायकोच्या मामांनी एकदा तरी मोजलेलं आहे आणि त्यातलं निम्मं नापास केलेलं आहे. सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. तयार माल त्यांच्या टेबलावर यायचा आणि केसाएवढा फरक दिसला तरी लाल खडूची फुली खाऊन परत जायचा. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते आठवड्याला चाळीस सेकंद मागे पडतं म्हणून पुढच्याच सोमवारी मामा ते परत देऊन आले. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा घरातल्या कुणी पगार विचारला, कुणी गोत्र विचारलं, मामांनी विचारलं, "उंची पाच फूट आठ लिहिलीय. चपलेसकट की चपलेशिवाय?" चपलेसकट होती. लग्न झालं, पण मामा आजही माझी ओळख "सवलत देऊन पास केलेला माल" अशीच करून देतात. इंदिरानगरच्या त्यांच्या घरी जेवायला बसलं की पहिली पोळी डोळ्यांच्या रेषेत धरून ते म्हणणार, "गोलाई ठीक आहे, जाडी सगळीकडे सारखी नाही." आणि मामी तव्यावरून मान न वळवता म्हणणार, "मग कारखान्यातच जेवून यायचं."

अशा माणसाच्या उजव्या हाताला कंप सुटावा यासारखा चावटपणा नियतीनं करू नये, पण केला खरा. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मामांनी घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर डाव्या हातात घड्याळ धरून उजवा हात मिनिटाला किती वेळा हलतो ते मोजलं. रोगाचं दुःख त्यांना नंतर झालं. आधी राग आला तो हात एका लयीत हलत नाही याचा. "हलायचंच असेल तर नीट हल ना लेका," असं ते स्वतःच्या हाताला दरडावत होते. सही जुळेना म्हणून बँकेतून कागद परत आला तेव्हा मात्र त्यांनी दोन दिवस पेनाला हात लावला नाही.

मग कुठूनसं कळलं, की शहरातल्या एका दवाखान्यात कंपवाताच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे. चालू असलेली औषधं तशीच घ्यायची आणि वर ही एक गोळी. निम्म्या लोकांना खरं औषध मिळणार, निम्म्यांना तश्शीच दिसणारी पण आत काहीच नसलेली गोळी, आणि कुणाला कुठली ते पेशंटलाही ठाऊक नसणार, डॉक्टरलाही नाही. हे ऐकून मामा खुर्चीतून उठलेच. "वा! याला म्हणतात तपासणी!" मामी म्हणाल्या, "अहो, खोटी गोळी वाट्याला आली तर?" मामा म्हणाले, "मालाला कधी विचारतात का, तुला कुठल्या टेबलावर जायचंय?"

संमतीपत्र बावीस पानांचं होतं. लोक ते चाळून सही करतात. मामांनी ते घरी आणून तीन दिवस वाचलं आणि एक्केचाळीस शंका काढल्या. संमती घेताना कॅमेरा लावतात म्हणून मामा कोट घालून गेले. चाचणीच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काका, तुम्हाला सगळं समजलं का?" तर मामा म्हणाले, "मला समजलं. आता तुम्हाला किती समजलंय ते बघू," आणि खिशातून एक्केचाळीस शंकांचा कागद काढला. मी नातेवाईक म्हणून शेजारी बसलो होतो. नंतर दोनदा चहा पिऊन आलो तरी गाडी सत्ताविसाव्या शंकेवरच होती. मॅडम पोरगेल्याच होत्या, पण धीराच्या. महिन्याच्या तपासणीला त्या छापील चक्राकार रेघ पुढे ठेवायच्या आणि तिच्यावरून पेन फिरवायला सांगायच्या. मामांचं पेन इकडेतिकडे धावायचं आणि तोंड म्हणायचं, "मॅडम, तुमची मूळ रेघच बाहेरच्या फेऱ्यात अर्धा मिलिमीटर फाकलीय."

या तपासणीच्या बाकावर त्यांना कळवणचे अप्पा भेटले. अप्पा शेतकरी, मामांहून चार वर्षांनी मोठे, त्याच आजाराचे आणि त्याच चाचणीतले. मोजमाप या गोष्टीशी त्यांचा संबंध एवढाच की भाजी देताना ते मूठभर जास्त घालत. एस.टी.नं यायचे, पण रिकाम्या हातानं कधी नाही. मेथी, वांगी, ओल्या शेंगा, कधी नुसती कोथिंबीर. शेतातला वानोळा म्हणून मामांच्या हातात पिशवी ठेवायचे. आता आलेली पिशवी रिकामी परत द्यायची नाही हा आपल्याकडचा रिवाज, त्यामुळे मामी पुढच्या खेपेला तिच्यात चिवडा नाहीतर लाडू भरून पाठवायच्या. पिशवी आणि मैत्री अशी दर महिन्याला फिरत राहिली. मामांनी एकदा अप्पांची एक गोळी मागून घेतली, आपली शेजारी ठेवली आणि थरथरत्या हातानं दोन्हींची मापं काढली, वजन बघितलं, कडेला जीभ लावून चव बघितली. तसूभर फरक नाही. "कोणी बनवल्यात कुणास ठाऊक, पण माणूस कसबी आहे," असा शेरा मारून त्यांनी अप्पांची गोळी अप्पांना परत केली.

पण महिने गेले तसा मामांचा हात थोडा निवला, निदान मामा तसं म्हणायचे, आणि अप्पांचा कंप वाढत गेला. एका खेपेला अप्पांनी कपातला चहा बशीत ओतायला घेतला आणि सगळा धोतरावर गेला. हसले बिचारे. म्हणाले, "आता घरी भिंतीकडं तोंड करून जेवतो मामा. तोंडाला जाईस्तोर अर्धा घास खाली. सुनंच्या म्होरं लाज वाटती."

त्या दिवशी मामा घरी जेवले नाहीत. पुढच्या खेपेला मामींनी पिशवीत चिवडा भरला आणि मामांनी दवाखान्यात हाती आलेली महिन्याच्या गोळ्यांची नवी बाटली चिवड्याच्या डब्याखाली ठेवली. बाकावर त्यांनी अप्पांना सांगितलं, "माझ्या खऱ्या दिसतायत. ह्या तुम्ही घ्या, तुमच्या मला द्या." अप्पा नको नको म्हणाले, पण वानोळा कुणी परत करतं का? दोघांनी आपापल्या बाटल्या ठेवून आतल्या गोळ्या बदलल्या. गोळ्या सारख्या, दवाखान्यात उरलेल्या गोळ्या मोजायचे तो आकडाही बरोबर. कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं. पुढच्याही दोन महिन्यांत तेच केलं.

हे मला कळलं ते मामा एका दुपारी आमच्या घरी आले तेव्हा. चप्पल न काढताच आत आले, यावरूनच काहीतरी बिनसलंय हे ओळखलं. सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "जावईबापू, मी लॉट मिक्स केला." कारखान्यात दोन लॉटचा माल एकत्र करणं हे सगळ्यात मोठं पाप, कारण मग खराब कुठला आणि चांगला कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. पस्तीस वर्षांत ज्यांनी ते केलं त्यांना मामांनी घरी बसवलं होतं. सगळी हकीकत मी ऐकून घेतली. म्हटलं, "मामा, गप्प राहिलात तरी कोण विचारणार आहे?" मामा असे बघायला लागले की मला माझी उंची आठवली. "आमच्या दोघांच्या नोंदी उलट्या लागल्या. उद्या या औषधाबद्दल काही चुकीचं ठरलं, तर ते कितीतरी लोकांना भोवेल. पण सांगितलं तर गोळ्या बंद होतील. माझ्या होऊ देत. अप्पांच्याही होतील रे." आणि हा लाल फुलीवाला माणूस माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडला.

शेवटी माझ्याच फोनवरून अप्पांना लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अप्पा म्हणाले, "वावरात दोन जातींचं बी मिसळलं तर पीक कशाचं आलं, काय सांगणार? बोलून टाका मामा." आणि वर म्हणाले, "पर घास जाया लागला व्हता बरं का."

मॅडम ओरडल्या नाहीत, त्यानं मामांना जास्त लागलं. "काका, दोघांच्या जिवाशी खेळ झाला असता," एवढंच म्हणाल्या आणि सगळं लिहून घेतलं. दोघांच्या गोळ्या बंद झाल्या. तपासण्या मात्र शेवटपर्यंत चालू राहिल्या. मामा एकही खेप चुकले नाहीत. रेघेतली चूक काढायचं मात्र त्यांनी सोडून दिलं.

यंदा चाचणी संपली आणि मॅडमचा निरोप आला, की आपल्याला कुठली गोळी होती हे ज्याला हवं त्याला आता कळू शकेल. मामांनी सकाळी दोनदा दाढी केली. मी गाडी काढली. अप्पा पहिल्या एस.टी.नं येऊन बाकावर बसलेच होते. दोघांच्याही हातांचा कंप आता बराच वाढलाय. मॅडमनी दोघांना वेगवेगळं बोलवायचं म्हटलं, पण दोघं एकत्रच आत गेले. मॅडमनी कागद हातात घेतला आणि मामा खुर्चीत पुढे सरकले. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "थांबा म्याडम. कुणाचंच नका सांगू."

"का हो अप्पा?" मामा दचकले.

अप्पा मॅडमशीच बोलत राहिले. "ह्यांची खरी निघाली तर ठीकच हाय. पर माझी खरी अन् ह्यांची खोटी निघाली, तर हा माणूस मरेस्तोर म्हणत बसंल, की अप्पाच्या तोंडचं औषध मी काढून घेतलं. मला बरं वाटलं व्हतं. लय बरं वाटलं व्हतं. माझं तेवढ्यात भागलं."

मॅडमनी मामांकडे बघितलं. मामांनी त्या कागदाकडे बघितलं. चार बोटांवर कागद होता आणि तो वाचायला मामांना चष्म्याचीही गरज नव्हती. मला खरंच वाटलं, आता ते हात पुढे करणार. ते म्हणाले, "राहू द्या मॅडम." खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या दोन म्हाताऱ्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं; ठेवलं नाही, कारण मामांनी भर दवाखान्यात माझं हसं केलं असतं.

अप्पांना स्टँडवर सोडलं आणि आम्ही परत निघालो. मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा समोर बघतच त्यांनी विचारलं,

"बरं वाटलं होतं म्हणाले ना ते?"

"हो मामा."

"दोनदा म्हणाले?"

"दोनदा."

सिग्नल सुटला. मामांनी डाव्या हातानं उजवा हात मांडीवर घट्ट धरून ठेवला होता.