पाचव्या सभासदाचा पॉइंट

विषय: फ्लॅट क्रमांक सहामध्ये प्लगचा जादा पॉइंट बसवण्याबाबत.
संदर्भ: कमिटी सभासद अण्णा देवधर यांचा अर्ज.

तारनाक्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नऊ बिऱ्हाडं, त्यांतली सात निवृत्त कारकुनांची. आवक-जावक माझ्याकडे. अशा ठिकाणी किस्से आठवणीत ठेवावे लागत नाहीत, ते आपोआप फायलीला लागतात. ही एक फाईल तर पंचांगाएवढी जाड झाली आहे.

मूळ गोष्ट चार ओळींची. अण्णांची फुफ्फुसं थकली. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. मिनिटभराच्या वर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मशीनला मेन बोर्डापासून वेगळी वायर आणि नीट अर्थिंग हवं. ती मिळेपर्यंत ते फ्रिजबरोबर एकाच एक्स्टेन्शनवर चालतंय, आणि एक्स्टेन्शनचा प्लग तपकिरी पडलाय.

आता नियम. मागे एकाने कपाटासाठी भिंत फोडली, तिच्याबरोबर पाण्याचा पाइपही फुटला. तेव्हा सेक्रेटरी असलेल्या अण्णांनी ठराव केला: भिंत फोडायची तर कमिटीच्या पाचही सभासदांनी सभागृहात हजर राहून सही करावी. ठरावाचं अक्षर मोत्यासारखं आहे.

*

इलेक्ट्रिशियन रहीमभाईंनी एक्स्टेन्शनला हात लावला आणि झटकन मागे घेतला. हल्लीचे सेक्रेटरी गोडबोले म्हणाले, वायर किती जाडीची, कुठून कुठे, ते लेखी द्या. तीन प्रतींत.

"साब, वायर अर्जी नइं पढ़ती," रहीमभाई म्हणाले. "गरम होती, बस."

गोडबोल्यांनी हे तोंडी निवेदन म्हणून टिपून घेतलं. मी क्रमांक घातला.

*

गोडबोल्यांचा जावई निखिल पुण्याहून आलेला, आयटीतला. त्याने मोबाईलवर एका विलायती मिस्त्रीचा व्हिडिओ दाखवला. तिकडे म्हणे वायर घरभर फिरून पुन्हा बोर्डाला येते. त्याला रिंग म्हणतात. त्या रिंगमध्ये कुठेही नवा सॉकेट जोडा, विषय संपला.

रहीमभाईंनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग म्हणाले, "अच्छा है. पन इस बिल्डिंग में वायर जाती सो जाती. वापस कबी आई नइं."

निखिलने तेव्हापासून आम्हाला फक्त गुड मॉर्निंग पाठवायचं धोरण ठेवलं आहे.

*

पुढे अर्थिंग. बिल्डिंगच्या अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, हे रहीमभाईंनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. रजिस्टरमध्ये मात्र दरवर्षी शेरा होता: "खड्ड्याची समक्ष पाहणी केली. समाधानकारक." खाली गोडबोल्यांची सही.

शोधाशोध केल्यावर खड्डा सापडला तो खाली अंगणात, मालतीवहिनींच्या तुळशीच्या कुंडीखाली. या मालतीवहिनी म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्या रोज तुळशीला तांब्याभर पाणी घालतात, ते कुंडीतून झिरपून खड्ड्यात उतरतं. रहीमभाईंनी मीटर लावला. माती कायम ओली, त्यामुळे अर्थिंग चांगलं निघालं.

गोडबोल्यांनी शेरा लिहिला: "कमिटीच्या नियमित देखभालीमुळे."

*

मग रहीमभाईंनी तोड काढली. भिंत फोडायची नाही, वरून प्लास्टिकची पट्टी मारून वायर न्यायची. फक्त स्क्रू लागतील. स्क्रूचं भोक म्हणजे भिंत फोडणं होतं का, यावर कमिटी दोन बैठका बसली. मी म्हटलं, कॅलेंडरला तर आपण सगळेच खिळे ठोकतो.

"खिळा ही परंपरा आहे," गोडबोले म्हणाले. "स्क्रू म्हणजे तोडफोड."

*

शेवटी सभा लागली. सभागृहात माझ्यासह चौघे हजर. पाचवे सभासद स्वतः अण्णा, आणि त्यांना मशीन सोडून उठता येत नाही. मी सुचवलं, सभा त्यांच्या खोलीत घेऊ. आम्ही चौघे वर गेलो. अण्णांनी नाकातली नळी सावरली, दोनदा दम घेतला आणि म्हणाले, "सभा सभागृहातच. ठराव माझा आहे."

मालतीवहिनी एक्स्टेन्शनच्या प्लगकडे बोट दाखवत उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग मला सांगा, हा गार कोण करणार?"

गोडबोल्यांनी जरा विचार केला. म्हणाले, अण्णांना खुर्चीत बसवून खाली नेऊ, मशीन तिथे लावू, पाच मिनिटांत सह्या उरकू. सगळ्यांना पटलं. मालतीवहिनी शाल आणायला वळल्या.

दारात रहीमभाई उभे होते. त्यांनी विचारलं, "साब, नीचे हॉल में प्लग किधर है?"

सभागृहात एक ट्यूबलाईट आहे. प्लग नाही.

सभागृहात प्लगचा पॉइंट बसवण्यासाठी भिंत फोडण्याचा अर्ज गोडबोल्यांनी त्याच दिवशी दिला. मी आवक क्रमांक घातला. दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.