डोंबिवलीतले तितर आणि उभी नाचणी

"रविवारी ये, तितर दाखवतो," निलेश म्हणाला. वागळे इस्टेटमध्ये आम्ही एकाच वर्कशॉपात आहोत. डोंबिवलीत तितर? मला वाटलं, गडी फेकतोय. तरी गेलो, कारण घरी दिवाळीसाठी माळा साफ करायचं काढलेलं.

ठाण्याहून बाईकने माजिवडा, नाशिक हायवे, मग माणकोलीचा नवा पूल. पूर्वी शिळफाट्यावर अर्धं आयुष्य जायचं, आता पूल उतरलात की डोंबिवली पश्चिम. लवकर निघा, कंटेनर सुरू झाले की पुलाचा फायदा शून्य. पेट्रोल शंभराच्या आतबाहेर. वाटेत टपरीवर वडापाव खाल्ला. वडा ठीक, चटणी फक्कड.

निलेशचं घर खाडीकाठी. मागच्या जागेत पूर्वी रेतीच्या होड्या रिकाम्या व्हायच्या. धंदा गेला, रेती राहिली. पाणी ओता, लगेच गायब. निलेशने आधी झाडं लावली, ती वाळली. मग दोन पावसाळे हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलायच्या आत तिथेच गाडला, वर शेणखत टाकलं आणि यंदा नाचणी केली. कडेने बोरीच्या फांद्यांचे ढीग, पाखरांना लपायला. नाचणी गुडघ्याएवढी, कणसं बारकी, पण होती. आणि एका ढिगाखालून खरंच तितराची जोडी पळाली, मागे पिल्लं! "आयला!" एवढंच निघालं माझ्या तोंडून.

"गेल्या वर्षी कडेला थोडी वरी टाकलेली, तेव्हापण आलेले," निलेश म्हणाला. "आईने वरी कापली आणि गेले. यंदापण गेले तर जागा धाकट्या भावाला द्यायची ठरलीय. त्याला क्रिकेटचं टर्फ टाकायचंय."

तेवढ्यात त्याची आई विळा घेऊन आलीच.

"आई, राहू दे ना गं!"

"उभा पीक सोरून देव? लोकं इचारतील, या घरान कोन कापाला राहिला नाय का?"

कापणीचं शेत तसंच राहिलं की त्यांच्याकडे शेजारी विचारायला येतात, घरात काय झालं म्हणून. निलेशचे वडील गेले त्या वर्षी भात असंच उभं राहिलेलं. निलेश बाजूला झाला. मलाही वाईट वाटलं.

काकींनी वाटेकडची नाचणी कापली. पेंढ्या बांधून बांधावर उभ्या रचल्या. मग वाटेवर जाऊन बाहेरून बघितलं, परत आल्या, अजून थोडी कापली.

"कापल्यासारखा दिसतंय ना रं?" मला विचारलं.

"दिसतंय, काकी."

"मंग झाला."

आतलं सगळं उभं. निलेश पाठ फिरवून उगाच फांद्या नीट करत बसला.

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. खाडीच्या चिखलात उड्या मारणारा हा मासा दिसायला भयंकर आहे. डोळे मिटा, पण खा.

घरी आलो तर माळा तसाच होता. बघायला जायचं असेल तर ओळखीने जा, घोळका नको. ते काही गार्डन नाही. एका सकाळची सहल, यापेक्षा जास्त मी तिला मानणार नव्हतो.

दिवाळीनंतर निलेशने सांगितलं. धाकटा टर्फवाल्याला घेऊन आलेला, मापं घ्यायला. पेंढ्या बघून त्यांना वाटलं, कापणी झाली, जागा मोकळी. बांध ओलांडणार तोच आतून तितर ओरडले आणि काकी आडव्या आल्या.

"पंगत बसलीय आतमन. पंगतीन चपला घालून जातान का कोन?"

धाकट्याने मापाची टेप गुंडाळली. टर्फवाल्याने म्हणे खरंच चपला काढल्या, आणि हातात घेऊन तसाच परत गेला.