मनकर्णाकाकूंची केसतुडं

घोडेगावच्या नृसिंहभटांच्या घरची चूल मनकर्णाकाकूंच्या जिवावर चाले. ऐन विशीत नवरा गेला, तेव्हापासून धाकट्या दिराचा संसार त्यांनीच सोवळ्यात रांधून जगवला. बाहेर युद्ध पेटलं, चलेजावची चळवळ झाली. काकूंच्या डोक्यावर मात्र दर पंधरवड्याला मागल्या अंगणात वस्तरा फिरतच राहिला. केस राखलेल्या विधवेच्या हातचा नैवेद्य देवाला चालत नाही म्हणे. देवाला विचारायला कोण गेलं होतं कोण जाणे!

काकूंचे केस राठ आणि कुरळे. डोकं अगदी गुळगुळीत हवं असा भटांचा हुकूम, म्हणून छगन न्हावी वस्तरा उलटा चालवी. मग नवा केस बाहेर यायचा तो कातडीतच वळे, आणि मानेवर, कानांमागे केसतुडं उठत. ठणक्यानं आडवं होता येत नसे. छगन गरम पाण्याच्या फडक्यानं शेकी, सुईनं केसाचं टोक तेवढं वर काढी, पिळू नका म्हणून बजावी. पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

"माई, दोन म्हयने केस वाढू द्या," शेवटी तो म्हणाला. "मंग सुलट हातानं करीन. दुसरं औषध न्हाई."

काकूंनी जावेकडून, प्रेमलाकडून, विचारून पाहिलं. भटांचा निरोप आला, केस ठेवायचे तर चूल सोडा. चूल सोडली की घर सुटलं, आणि माहेरी तर कुणी उरलं नव्हतं. काकू पुन्हा वस्तऱ्याखाली बसल्या.

पुढच्या आषाढात भटांच्याच हनुवटीखाली केसतुडं आली. छगननं तेच औषध सांगितलं आणि त्यांनी ते मुकाट ऐकलं. दाढी वाढली; गावाला सांगितलं, चातुर्मासाचा नेम धरलाय. लोक पाया पडू लागले. पूजा झाल्या, श्राद्धं झाली, देवाचं काही अडलं नाही. कार्तिकात हनुवटी लख्ख बरी झाली.

त्या दिवशी पानावर वाढताना काकू पहिल्यांदाच दिराशी समोरासमोर बोलल्या. "भाऊजी, तुमचं बरं झालं. आता मला दोन महिने द्या."

भटांनी मान वर केली नाही. "माझं दुखणं होतं, वहिनी. तुमचं प्रारब्ध आहे," म्हणाले, आणि भातावर तूप मागितलं. काकूंनी वाढलं.

दुसऱ्या दिवशी छगन आला. भट घरी नाहीत, आज सुलट हातानं करतो, असं तो हळूच म्हणाला.

"उलटाच चालव," काकू म्हणाल्या. "बरं व्हायची परवानगी नाही मला."

छगननं वस्तरा उघडला.