सर कारखान्यात जातात

सर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. देश वर यायचा तर शेतावरचे जादा हात कारखान्यात गेले पाहिजेत, बाहेरून येणारा माल इथेच तयार झाला पाहिजे, मग एका कारखान्याच्या आधाराने कितीतरी धंदे उभे राहतात, हे ते इतक्या तळमळीने सांगायचे की मागच्या बाकावर पेंगणारी मुलंही मान डोलवायची. घरी मात्र पंख्याचं बटण बिघडलं तरी सर खुर्ची मागे ओढून म्हणायचे, "मिस्त्रीला बोलवा."

अशात गावाबाहेरच्या रिकाम्या गोदामात चेनचा कारखाना निघाला. पँटला, पिशवीला लावतात ती चेन. तोवर ती बोटीने परदेशातून यायची. सरांनी वर्गात छाती फुगवून ही बातमी दिली. थोड्याच दिवसांत थोरली मुलगी जेवताना म्हणाली, "बाबा, मला तिथे काम मिळालंय."

"ऑफिसात ना?"

"मशीनवर. चेनचे दात बसवायचे."

सरांचा घास हातातच राहिला. "अगं, तू पदवीधर आहेस. लोक काय म्हणतील?"

"जादा हात कारखान्यात गेले पाहिजेत, हे तुम्हीच सांगता ना?" सरांची बायको वाढता वाढता म्हणाली.

"ते हात वेगळे," सर म्हणाले. कुणाचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

थोरली गेलीच. सरांनी अबोला धरला. शेजाऱ्यांना ते सांगत, ती एका प्रकल्पावर आहे. इकडे त्यांनी वर्गात सांगितलेलं एकेक त्यांच्या नाकावर टिच्चून खरं होऊ लागलं. कारखान्याच्या दारात चहाची टपरी आली, शेजारी मशीन दुरुस्तीचं दुकान. चेन जवळच मिळते म्हटल्यावर मागच्या गल्लीतल्या दोघी बहिणींनी पिशव्या शिवायला घेतल्या आणि पुढे हाताखाली बायका ठेवल्या. बसच्या फेऱ्या वाढल्या. सरांनी हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं, म्हणून ते बघायला गेले नाहीत.

पुस्तकात नसलेलंही काही घडत होतं. एकदा थोरलीचं बोट मशीनखाली आलं. मालकाने पट्टी दिली आणि पट्टी बांधण्यात गेलेल्या वेळेचा पगार कापला. दुसऱ्या दिवशी ती मशीनपुढे हाताची घडी घालून उभी राहिली. "आधी मशीनला जाळी बसवा, मग हात घालते." बाकीच्या मुलींनीही मशीनं बंद केली. संध्याकाळच्या आत जाळ्या आल्या. ही पोरगी समोर उभी राहण्यापेक्षा आपल्या बाजूला बरी, असा विचार करून मालकाने तिला सुपरवायझर केलं. तिने लगेच सगळ्यांसाठी स्टुलं मागितली.

पुढे सरांच्या विषयाला विद्यार्थीच मिळेनात. मुलं कारखान्यात लागली होती. कॉलेजने विषय बंद केला आणि सर घरी बसले. मालकाला त्याच सुमारास पाहुण्यांना कारखाना दाखवणारा बोलका माणूस हवा होता. थोरलीने वडिलांचं नाव सुचवलं. सरांनी आधी आढेवेढे घेतले, मग टाय बांधला.

पहिल्याच दिवशी बडे पाहुणे आले. "कारखाना हे विकासाचं इंजिन आहे," सरांनी सुरुवात केली. एका पाहुण्याने मशीनवरच्या बाईला विचारलं, "विकासामुळे तुमच्या आयुष्यात काय फरक पडला?"

"बसायला स्टूल मिळालं," ती मान वर न करता म्हणाली. "भांडल्यावर."

"राहणीमान उंचावतं ते असं," असं म्हणत सर स्टूल दाखवायला वाकले, आणि त्यांचा टाय शेजारच्या दात बसवायच्या मशीनमध्ये गेला. थोरलीने धावत येऊन मशीन बंद केलं आणि कात्रीने टाय कापला. टायच्या टोकाला दोन्ही बाजूंनी सुरेख दात बसले होते.

"बाबा, मशीनपासून लांब उभे राहा."

"इथे मला सर म्हण."

"मग तुम्ही मला मॅडम म्हणा."

दुसऱ्या दिवशी तिने जमिनीवर पिवळा पट्टा मारून घेतला. सर त्याच्या अलीकडे उभे राहून विकास समजावू लागले.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी, पाहुणे यायला वेळ होता तेव्हा, त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, ते दात बसतात कसे?"

थोरलीने त्यांना एका मशीनवर बसवलं. बाजूच्या मुली तोंड दाबून हसत होत्या. सर घामाघूम झाले. त्यांची पहिली चेन अर्ध्यातच अडकली. थोरलीने ती ओढून पाहिली आणि भंगाराच्या डब्यात टाकली. "पुन्हा बसा," ती म्हणाली. पण बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, तसे सर घाईने उठले आणि हात धुवायला पळाले.